उभं धरून पिळायचं

मी एक जुना सोलापुरी टॉवेल आहे. म्हणजे त्याचा उरलेला तुकडा. दोन वीत लांब, दीड वीत रुंद. एवढ्याशा अंगाने स्वतःला टॉवेल म्हणवून घ्यायची कुणाला लाज वाटली असती, पण लाजणं माझ्या स्वभावात नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारख्याला फडकं म्हणतात आणि मोरीच्या कोपऱ्यात टाकतात. मी मात्र तीन देश पाहिले आहेत. जपानच्या शाळेत अडीच वर्षं काढली आहेत, आणि सध्या इंग्लंडमध्ये ब्रॅकनेल नावाच्या गावी एका प्राथमिक शाळेत कामाला आहे. तेव्हा जरा सरसावून बसा.

माझा जन्म मागावरचा. पुण्याच्या एका दुकानातून वैभवी नावाच्या बाईंनी मला घेतलं. त्यांचा नवरा अतुल कॉम्प्युटर कंपनीत होता आणि कंपनीने त्याला जपानमध्ये योकोहामाला पाठवलं होतं. विमानात मी लोणच्याच्या बरणीभोवती गुंडाळलेला होतो. बरणी फुटली नाही. त्याचं श्रेय मला कुणी दिलं नाही, पण झाकणातून पाझरलेल्या तेलाचा पिवळा डाग अजून माझ्या एका कोपऱ्यावर आहे. मी तो पदकासारखा मिरवतो.

त्यांची मुलगी मालविका सहा वर्षांची झाली, तेव्हा एप्रिल महिन्यात तिची शाळा सुरू झाली. तिकडे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. शाळेने आणायच्या वस्तूंची यादी पाठवली होती. दप्तर, वर्गात घालायचे वेगळे बूट, आणि अगदी शेवटी, घरी शिवलेलं फरशी पुसायचं फडकं, नाव घालून.

"अतुल, हे वाचलंस का? पोरीला शिकायला पाठवतोय की कामाला?" वैभवी म्हणाली.

"सगळीच पुसतात म्हणे. डॉक्टरांची मुलं पण, आणि हेडमास्तरांची पण."

वैभवीला ते पटलं नाही. तिने मला कराकरा कापलं, दुहेरी घडी घातली आणि गोधडीला घालतात तसा धावदोरा घातला. रागारागाने घातलेले टाके फार पक्के बसतात. बाकीच्या मुलांची फडकी वर्षभरात विरली, मी अजून आहे, त्याचं रहस्य हेच. शेवटी तिने काळ्या पेनाने कोपऱ्यावर जपानी अक्षरांत मालविकाचं नाव लिहिलं. त्या दिवसापासून मी टॉवेल राहिलो नाही, झोकिन झालो. शाळेतल्या फडक्याला तिकडे झोकिन म्हणतात.

माझी जागा मालविकाच्या बाकाच्या बाजूला, चिमट्याला टांगलेली. तिथून सगळा वर्ग दिसायचा. रोज एक मूल त्या दिवसाचं प्रमुख असे. हुशार मुलांनाच मान, असं नाही. आळीपाळीने प्रत्येकाचा दिवस यायचाच. तो प्रमुख उभा राहून तास सुरू करायचा, मग सगळे बाईंना वाकून नमस्कार करायचे. दुपारी पाच-सहा मुलं पांढरे एप्रन आणि टोप्या घालून वर्गातच सगळ्यांना जेवण वाढायची. सगळ्यांच्या ताटात पडल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. आणि ते जेवण आधी हेडमास्तर स्वतः चाखून बघायचे, मुलांना काही बाधू नये म्हणून.

त्यानंतर आमची वेळ. शाळेत सफाई कामगार नव्हता. वर्ग, जिने, संडास, सगळं मुलंच साफ करत. बाक मागे सरकवायचे, बादलीत पाणी भरायचं, आणि एका ओळीत ओणवं होऊन, दोन्ही हात फडक्यावर ठेवून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळत सुटायचं. पहिल्या दिवशी मालविकाला मला पिळताही येत नव्हतं. ती मला आडवं धरून पिळायची आणि सगळं पाणी तिच्या कोपरांवरून फ्रॉकवर. तेव्हा सहावीतली हारुका नावाची मुलगी तिच्यामागे येऊन उभी राहिली. पहिलीच्या मुलांना शिकवणं हे तिकडे सहावीच्या मुलांचं काम असतं. हारुकाने मालविकाच्या हातांवर आपले हात ठेवले, मला उभं धरलं, एक हात वर, एक हात खाली, आणि पीळ दिला. माझ्या अंगातलं सगळं पाणी बादलीत गेलं. फरशीवर एक थेंब नाही.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. कानात काही घालायचं नाही असा नियम होता, म्हणून मालविकाच्या बारशातल्या कुड्या काढून ठेवाव्या लागल्या. हारुका संध्याकाळी क्लासला जायची, पुढच्या परीक्षांच्या काळजीने तिचे डोळे ओढलेले असायचे. पण लहान वर्गांत पेपरापेक्षा सवयीला मान होता, आणि सवयीच्या बाबतीत आमची मालविका पहिल्या नंबरात होती. शाळेत पालकांचा दिवस झाला तेव्हा वैभवीने तिला पळताना पाहिलं आणि घरी गेल्यावर पुण्याला फोन करून अर्धा तास तेच सांगितलं.

मग अतुलची बदली ब्रॅकनेलला झाली. मालविका इथल्या चौथीत, इयर फोरमध्ये बसली.

पहिल्याच दिवशी जेवण करून मुलं वर्गात आली. जमिनीवर कागदाचे तुकडे, पेन्सिलीचा भुसा. मालविका वाट बघत राहिली. कुणीच उठेना. तिला वाटलं, आपण नवीन, तर आज आपलाच दिवस असणार. तिने दप्तरातून मला काढलं, वर्गातल्या सिंकवर ओलं केलं, उभं धरून पिळलं आणि खिडकीपासून सुरुवात केली. मी जोरात होतो. अर्धा वर्ग झाला असेल, तेवढ्यात कुणीतरी हसलं. एकाने विचारलं, तुला शिक्षा झालीय का. टीचर मिस हॉलंड हळूच वाकल्या आणि त्यांनी तिला उठवलं. बाहेर मॉप घेऊन शाळेची सफाई करणाऱ्या बाई उभ्या होत्या. "लव्ह, ते माझं काम आहे. मला बोलणी बसतील," त्या म्हणाल्या. इथे लहानांना लाडाने लव्ह म्हणतात. मालविकाने त्यांना नाव विचारलं. त्या म्हणाल्या, डोरीन.

दुपारी वैभवीला शाळेतून फोन आला. संध्याकाळी ती अतुलला म्हणाली, "पहिल्याच दिवशी फोन. पोलाइटली विचारत होत्या, घरी हिला कामाला लावता का. आपण इथे व्हिसावर आहोत, नसते प्रश्न नकोत मला." आणि तिने मला किचनच्या सिंकखाली, गळणाऱ्या पाइपच्या खाली टाकून दिलं.

मित्रांनो, अपमान मला माहीत नव्हता, तो तिथे कळला. अंधार, ओल, शेजारी ब्लीचची बाटली. कपाटाच्या दारातून घरातलं बोलणं तेवढं ऐकू यायचं.

"आज कोणाशी बोललीस, मालू?"

"नो वन."

रोज हेच. सहा आठवड्यांनी पेरेंट्स ईव्हिनिंगहून वैभवी आणि अतुल घरी आले, तेव्हा किचनमध्ये खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "अतुल, सहा आठवड्यांत पोरगी वर्गात एक अख्खं वाक्य बोलली नाहीये. ख्रिसमसपर्यंत असंच राहिलं तर स्पेशलिस्टला दाखवू म्हणतात. योकोहामात किती बडबडायची," वैभवी म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्यावर रागावलेलो होतो. पण माझ्या अंगावरचे टाके तिचेच आहेत. मलाही फार वाईट वाटलं.

पुढच्याच आठवड्यात शाळेत शो अँड टेल होतं. आपल्या आवडीची वस्तू न्यायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. मालविकाने सिंकखालचं कपाट उघडलं आणि मला बाहेर काढलं. मागे वैभवी उभी होती.

"आई, हा नेऊ?"

"परत हसतील, बाळा."

"हसू देत. मला सांगायचंय."

सहा आठवड्यांत पोरीला पहिल्यांदा काहीतरी सांगायचं होतं. वैभवीने मला तिच्या हातातून घेतलं, गरम पाण्यात धुतलं, वाळवलं आणि वर इस्त्री केली. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कधी इस्त्री झाली नव्हती.

वर्गात मालविका मला दोन्ही हातांत धरून उभी राहिली. आवाज बारीक होता, पण वाक्यं पूर्ण होती. ती इंग्रजीत बोलली ते असं: "माझ्या आधीच्या शाळेत सफाईला कुणी नव्हतं. आम्हीच करायचो. मला वाटलं, इथेही तसंच असेल. मग मला डोरीन भेटली. आम्ही तिथे तीस जण मिळून जे करायचो, ते डोरीन इथे एकटी करते."

मिस हॉलंडनी वर्गाला विचारलं, डोरीनचं नाव याआधी कुणाला माहीत होतं का. एकही हात वर झाला नाही. डोरीन तेव्हा बाहेरच होती. तिने सगळं ऐकलं आणि आपल्या डस्टरला नाक पुसलं. आमच्या धंद्यात हे बसत नाही, पण त्या दिवशी मी कानाडोळा केला.

शाळेने फरशी पुसायची परवानगी काही दिली नाही. मुलं घसरतील म्हणे. पण दर शुक्रवारी दहा मिनिटं आपापली टेबलं आणि खिडक्या पुसायला हरकत नाही असं ठरलं. मुलांनी घरून फडकी आणली. एकाचा जुना फुटबॉलचा टीशर्ट, एकीचा लाल बसचं चित्र असलेला टी टॉवेल. सगळे मला बघायला यायचे. मी त्यांच्यात वयाने मोठा, अनुभवाने मोठा, आणि हो, दिसायलाही बरा. मालविकाची बडबड आता इतकी वाढली आहे की मिस हॉलंडना तिला गप्प बसवावं लागतं.

ख्रिसमसच्या सुट्टीआधीच्या शुक्रवारी पालकांना बोलावलं होतं. वैभवी आपल्या नव्या ऑफिसमधून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन आली. मुलांची कामं बघत जरा वेळ उभी राहिली, मग बाह्या सरसावून पुढे आली आणि तिने मला बादलीतून उचललं. पिळलं, तर आडवं धरून. पाणी तिच्या कोपरांवरून थेट ऑफिसच्या कपड्यांवर.

"असं नाही, आई. उभं धर."

वैभवी गुडघ्यांवर बसली. मालविका तिच्या मागे उभी राहिली, तिने आपले छोटे हात आईच्या हातांवर ठेवले, एक वर, एक खाली, आणि पीळ दिला. मला हारुकाचे हात आठवले. फरशीवर एक थेंब पडला नाही.

"मला कधी शिकवलं नाहीस हे," वैभवी म्हणाली.

"तू विचारलंच नाहीस."

मित्रांनो, आता मी मध्ये विरलो आहे. उजेडात धरलं तर पलीकडचं दिसतं. तरी अजून एखादं वर्ष मी सहज काढेन. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. तुमच्या वर्गाची फरशी रोज कोण पुसतं, त्यांचं नाव काय, हे उद्या शाळेत गेल्यावर विचारून या. आणि त्यांनी तुमच्या हातात फडकं दिलंच, तर ते उभं धरून पिळा.