दुखरा गुडघा

डॉक्टरीणबाईंनी म्हातारीचा उजवा गुडघा दोन्ही तळव्यांत धरला, हलकेच वाकवला, सरळ केला. गुडघा मुकाट वाकला, मुकाट सरळ झाला.

"दुखतं?"

"दुखतं तर! जीव जातो माझा." पण म्हातारी हे जरा उशिरानंच म्हणाली.

"मागच्या खेपेला डावा होता, आजी."

म्हातारीनं दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. बाहेरच्या बाकावर बसलेल्या मुलाचा बूट तेवढा दिसत होता, जमिनीवर टकटक करणारा. आत पाठवतानाच त्यानं सांगितलं होतं, "दार लोटू नका. आईचा जीव घाबरतो."

टेबलाशी सून उभी होती. सासूच्या चपला हातात, बाह्या या उकाड्यातही मनगटापर्यंत, नजर फरशीवर.

म्हातारीनं डॉक्टरीणबाईंना मनगटाला धरून जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजली.

"गुडघे धडधाकट आहेत हो दोन्ही. हिला दाखवायचं म्हटलं तर तो उंबरा ओलांडू देत नाही. माझ्या गुडघ्यासाठी मात्र लगेच गाडी काढतो." तिनं पुन्हा दाराकडे पाहिलं. "पोटचा आहे माझ्या, काय सांगू? ही कपडे वाळत घालायचे म्हणून गच्चीवर जाते आणि कठड्याशी उभी राहते. हातात कपडे नसतात, बाई."

सुनेच्या हातातली एक चप्पल खाली पडली. बाहेरचा बूट थांबला.

"काय झालं गं?"

"आई गं! मेले!" म्हातारी किंचाळली. "कळ गेली रे मस्तकात! आत येऊ नकोस, पाय उघडा आहे माझा."

बूट पुन्हा टकटकू लागला.

म्हातारी टेबलावरून टुणकन उतरली, सुनेला तिथं बसवलं, पडदा ओढला आणि स्वतः दाराआड स्टूल घेऊन कण्हत बसली.

पडद्याआड डॉक्टरीणबाईंनी बाहीला नुसतं बोट लावलं. "वर करू?"

सुनेनं मान डोलावली. जुन्या पिवळ्या वळांवर नवे निळे वळ होते.

"गच्चीवर मनात काय येतं?"

पडद्याबाहेरच्या कण्हण्याला एक लय आली होती, पाळणा हलवताना येते तशी. आतून कुजबुज उठली, की ते कण्हणं उंच व्हायचं, तिच्यावर पांघरूण घालायचं.

"खाली बघितलं की बरं वाटतं," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात सोडला नाही.

"आज पुन्हा तसं वाटलं तर?"

कण्हणं ऐकत ती थोडी थांबली. "आईंना हाक मारीन."

"मारायचीच. एकटीनं वर जायचं नाही. आणि दर आठवड्याला इथं यायचं. घर सोडावंसं वाटलं, तर सोबत करणारी माणसं आहेत माझ्या ओळखीची. कधी, ते तुम्ही ठरवायचं."

बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या, "दर आठवड्याला शेक द्यावा लागेल. चोळायचं कसं ते सूनबाईंना शिकवतेय. त्या हव्यातच."

मुलगा ऐकत होता, पण त्याची नजर आईच्या पायांवर होती. म्हातारी लंगडत येत होती, डाव्या पायानं.

"सकाळी उजवा म्हणत होतीस ना?"

म्हातारीनं घाईघाईनं पाय बदलला. मुलगा सावकाश बाकावरून उठला.

"दोन्ही दुखतात," सून म्हणाली.

आवाज लहानसाच होता. तिनं मान वर केली.

"मी चोळते ना रोज. मला ठाऊक."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खिशातून किल्ली काढून पुढं झाला.

पायरीशी सुनेनं सासूचा दंड घट्ट धरला. म्हातारी दोन्ही पायांनी लंगडत उतरू लागली.