तीन महिन्यांचा पाहुणा

कुत्रं आणायचं हे आमचं ठरलं होतं. आजारी कुत्रं आणायचं असं नव्हतं. पण डुलुथ शहरातल्या निराधार प्राण्यांच्या आश्रयगृहात माझी बायको व्हर्ना शेवटच्या पिंजऱ्यापाशी जी थांबली, ती हलेचना. आत लोंबत्या कानांचा एक म्हातारा बीगल बसला होता. नाव वॉल्टर.

"याचं हृदय फुगलंय," तिथली मुलगी म्हणाली. "फार तर तीन महिने काढेल."

"माझ्या नवऱ्यालाही डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं," व्हर्ना म्हणाली. "त्याला झाली दहा वर्षं. अजून डबे हुंगत फिरतोय."

वॉल्टर महालबाड निघाला. सॉसेजमध्ये गोळी लपवून द्यावी, तर सॉसेज गिळून गोळी तेवढी चाटूनपुसून माझ्या बुटात ठेवायचा. पीनट बटरपुढे मात्र त्याने हात टेकले.

तीन महिने सरले, तेव्हा जानेवारी लागला होता. तळं गोठलं, तसं आम्ही नेहमीसारखं लाकडी खोपटं बर्फावर ओढत नेलं आणि आत बर्फाला भोक पाडून त्यात गळ टाकून बसलो. वॉल्टर शेगडीपाशी घोंगडीत घोरत होता. दुपारी चांगला हातभर मासा लागला. मी तो वर काढतोय, तोच आमच्या पेशंटने झडप घातली आणि मासा तोंडात धरून दाराबाहेर धूम ठोकली!

"अरे, धर त्याला! त्याचं हृदय!" व्हर्ना ओरडत मागे धावली.

"आणि माझं?" मी धापा टाकत म्हणालो.

शेजारच्या खोपटातला ऑर्व्हिल त्याला अडवायला आडवा आला, तो बर्फावर साफ आडवाच पडला. चहूकडून माणसं बाहेर आली, हसून हसून वाकली. शेवटी वॉल्टर दमून बसला, पण मासा सोडला नाही. त्याला घसरगाडीवर घालून आणला, तेव्हा तो मिरवणुकीतल्या राजासारखा इकडेतिकडे बघत होता. त्या दिवसापासून कुठल्याही खोपटात मासा निघाला, की त्यातला एक तुकडा वॉल्टरसाठी यायचाच.

जूनमध्ये त्याने पीनट बटरचा चमचाही नाकाने दूर सारला. व्हर्ना म्हणाली, "आता त्याला ताटकळत ठेवायचं नाही." जनावरांची डॉक्टरीण घरी आली. अंगणात, उन्हात, व्हर्नाच्या मांडीवर डोकं ठेवून वॉल्टर पडला होता.

"जा बाळा," ती त्याचे कान कुरवाळत म्हणाली. "खूप मजा केलीस. आम्हालाही करू दिलीस."

सुई टोचली तेव्हा त्याची शेपटी एकदा गवतावर आपटली. बस.

आम्ही पोटभर रडलो. मग ऑर्व्हिल आला आणि आपण बर्फावर कसे आपटलो ते रंगवून सांगू लागला. डोळे पुसता पुसता व्हर्नाला हसू आवरेना.

ऑगस्टमध्ये तिने आश्रयगृहात फोन केला. "ज्याला कुणी नेत नाही, असं कोण आहे सध्या?"

आता चौदा वर्षांची एकाक्ष मांजर माझ्या खुर्चीत बसते. मी स्टुलावर.