चित्र स्पष्ट, आवाज स्पष्ट

पट्टी : उंब्रजमधील सर्व केबल ग्राहकांना नमस्कार. रविवारी दुपारी नवा पिक्चर आहे. चित्र न दिसल्यास टीव्हीला थापडा मारू नयेत, दुशिंगांना हाक मारावी.

पडद्याच्या तळाशी उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी ही ओळ पास्कल दुशिंग स्वतः लिहायचा. वाढदिवस, साड्यांचा सेल, हरवलेली म्हैस, सगळं त्या पट्टीवर यायचं. म्हैस एकदा सापडलीही होती.

पास्कलचे वडील राहुरीकडचे, कोयनेच्या धरणावर फिटर. पास्कल कोयनानगरच्या कॉलनीत वाढला, तिथेच वायरी जोडायला शिकला आणि लग्न झाल्यावर घाट उतरून हायवेवरच्या उंब्रजला आला. गावात कॅथलिक घर एकच. कॅथलिक म्हणजे काय, हे गावाला दुशिंगांकडे बघूनच ठरवावं लागे. आणि दुशिंगांच्या गच्चीवर तर भली मोठी डिश.

"तुमच्यात देव आकाशातनं सिग्नल पाठवतो व्हय रं?" असं समोरचे हंबीरराव विचारायचे. तोफखान्यातले सुभेदार, आता निवृत्त. तोफांनी त्यांचा उजवा कान नेला होता.

*

पट्टी : वर्ल्डकपचे सर्व सामने आपल्या केबलवर. लाईट गेल्यास आमचा नाइलाज आहे.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर राख घेऊन तिघं कराडच्या प्रार्थनेहून परतत होती, तेव्हा पास्कलची बायको फिलोमिना हिनं बसमध्येच सांगून टाकलं.

"या उपवासकाळात मटण तर सोडूच. टीव्हीही बंद. ईस्टरपर्यंत."

फिलोमिना बालवाडीत शिकवायची. गाव तिला मीनावैनी म्हणायचं.

"बाबांचा पण?" श्रद्धानं विचारलं. त्यांची मुलगी श्रद्धा नऊ वर्षांची. ईस्टरनंतर ती पहिल्यांदा पवित्र भाकर घेणार होती, म्हणजे तिचं पहिलं कम्युनियन होतं, आणि त्याआधी पहिलं पापनिवेदन, म्हणजे फादरना आपली पापं सांगणं.

"घरातला," फिलोमिना म्हणाली.

पास्कल हो म्हणाला. हो म्हणून झाल्यावर त्याला वर्ल्डकप आठवला. पण कपाळावर राख असताना शब्द फिरवायचा कसा? दुसऱ्या दिवशी तो शिडी लावून खांबावर चढला आणि खांबावरच्या डब्यातून आपल्या घरात येणारी वायर तेवढी सोडवून ठेवली. बाकीच्या वायरी गावात जातच राहिल्या.

समोरून हंबीररावांची सून विजयमाला बघत होती.

"आवं मीनावैनी, तुमच्या उपासाला टीव्ही बी चालत न्हाई?"

"नाही चालत."

"आणि साबुदाणा?"

"साबुदाणा चालतो."

"मग आमच्यापेक्षा सोपाच हाय की! आमास्नी टीव्ही चालतो, पन शेंगदाणं भाजून भाजून जीव जातो."

घराला लागून पत्र्याची एक खोली होती, ती कंट्रोल रूम. तिथे व्हीसीआर, कॅसेटी, गरम होणारी यंत्रं आणि एक छोटा टीव्ही. तो टीव्ही घरातला नव्हता. पास्कल तिथे सामन्यांच्या वेळी दार लोटून बसायला लागला.

"काय करताय आत?" फिलोमिना दाराबाहेरून विचारायची.

"सिग्नल तपासतोय."

"सिग्नल तपासताना टाळ्या वाजवतात?"



"मी बघत नाही गं. तपासतो. बघणं वेगळं, तपासणं वेगळं."

पिक्चरच्या बाबतीत तरी ते खोटं नव्हतं. चार वर्षं तो गावाला पिक्चर दाखवत होता, पण एकही त्यानं शेवटपर्यंत बघितला नव्हता. कॅसेट घालायची, पहिली काही मिनिटं नजर टाकायची. चित्र स्पष्ट. आवाज स्पष्ट. मग हातात पाना घेऊन दुसऱ्या कामाला.

*

(इथे कथेत थोडा व्यत्यय. एका रविवारची दुपार तेवढी दाखवायची आहे, तीही दोन घरांतून.

पत्र्याच्या खोलीत पास्कल एका पेटीचं झाकण उघडून बसला आहे. टीव्हीकडे त्याची पाठ आहे. रस्त्यावरून हंबीररावांची हाक येते : "पास्कल! आवाज न्हाई रं! काय मुक्याचा पिक्चर लावलाय व्हय?" पास्कल मागे न बघता हात लांब करतो आणि आवाजाचं बटण फिरवतो. सगळ्या गावाचा आवाज एकदम वाढतो. "आता?" तो ओरडतो. "हां! आता कसं!"

समोरच्या घरात, सतरंजीवर, दोन मुली बसल्या आहेत. त्यांचं नंतर.)

*

पट्टी : चि. प्रियदर्शनी हिला वाढदिवसानिमित्त आजोबा सुभेदार हंबीरराव यांच्याकडून अनेक आशीर्वाद. चॉकलेट घरी येऊन न्यावे.

पापनिवेदनाआधी माणसानं स्वतःच्या मनात बघायचं असतं. काय केलं, काय करायचं राहिलं. त्याला अंतःकरणाची तपासणी म्हणतात. फिलोमिना श्रद्धाकडून रोज संध्याकाळी ती करून घ्यायची. देवघराच्या कोपऱ्यात मरियामातेसमोर मेणबत्ती, शेजारी पोळ्यांचं पीठ मळणं चालू.

"आधी काय करायचं?"

"डोळे मिटायचे. मग तपासायचं."

पास्कल दारात चपला काढत होता. 'तपासायचं' म्हटल्यावर थांबला.

"मी आईला उलट बोलले," श्रद्धा मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. "मी पाटी फोडली आणि मांजरीचं नाव सांगितलं. आणि रविवारी अभ्यासाला जाते म्हणून सांगितलं, पण विजयमालाकाकूंकडे पिक्चर बघितला."

पीठ मळणं थांबलं.

"उपवासकाळात?"

"हो. पण सगळा नाही बघितला. एक माणूस एका बाईला केसांना धरून ओढत होता ना, तेव्हा प्रियदर्शनीनं डोळे झाकले. मग मीपण झाकले." श्रद्धानं दोन्ही हात डोळ्यांवर ठेवून दाखवले. "पण मग आवाज एकदम मोठा झाला. कान झाकायला हातच नव्हते."

पास्कल तसाच उभा राहिला. एका पायात चप्पल.

"आई, डोळे झाकले तर अर्धं पाप होतं का?"

"उद्यापासून त्यांच्याकडे जायचं नाही," फिलोमिना म्हणाली. "शाळेतून थेट घरी."

"मी नाही जाणार. पण प्रियदर्शनी कुठं जाईल? तिचं तर घरच आहे ते."

 मेणबत्ती जळत होती. फिलोमिना पुन्हा पीठ मळू लागली, पण फार जोरात.

श्रद्धा झोपायला गेल्यावर पास्कल म्हणाला, "आवाज मीच वाढवला."

"कळलं मला."

"माझं काय चुकलं सांग. सुभेदार ओरडले. माझं काम आहे ते. चित्र दिसलं पाहिजे, आवाज आला पाहिजे. चित्रात काय आहे, ते मी थोडंच काढलंय? ज्यांना नको त्यांनी बंद करावा टीव्ही. आपण नाही केला?"

"आपण केला." फिलोमिनानं परात पालथी घातली, हात धुतले आणि ओल्या हातांकडे बघत राहिली. "मीच केला. आणि मला वाटलं, आपण स्वच्छ. आपल्या घराची वायर काढली आणि गावाला तेच पाठवत राहिलो. येशूला क्रुसावर चढवू देऊन बायबलमधला पिलातही असेच हात धुऊन मोकळा झाला होता."

"मग काय केबल बंद करू? खायचं काय? तुझ्या बालवाडीवर?"

"बंद करा म्हटलं का मी?"

"मग काय करू?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि हे तिनं फार सावकाश म्हटलं. कारण तिला सहसा माहीत असायचं.

*

पट्टी : ( )

त्या शनिवारी सकाळी पास्कल पुन्हा शिडी घेऊन खांबावर चढला आणि सोडवलेली वायर पुन्हा जोडली.

"काय वो, उपास मोडला?" विजयमालानं खालून विचारलं.

"नाही. आत्ता सुरू होतोय."

"लय अवघड धर्म बाई तुमचा!"

संध्याकाळी त्यानं गावाकडे जाणारी लाईन बातम्यांवर ठेवली आणि व्हीसीआर आत आणून रविवारची कॅसेट फक्त स्वतःच्या घरात लावली. श्रद्धाला अंगणात खेळायला पाठवलं. मग दोघं नवरा-बायको समोर बसली. फिलोमिनानं विणकाम घेतलं होतं. पंधरा मिनिटांत पास्कल उठायला लागला.

"कुठे?"

"जरा सिग्नल..."

"सिग्नल बरा आहे. बसा."

तो बसला. मारामाऱ्या आल्या, रक्त आलं. त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. मग एक विनोदी प्रसंग आला. कॉलेजातली चार पोरं एका मुलीची ओढणी ओढून पळत होती, ती रडकुंडीला आली होती, आणि मागे गमतीचं संगीत. पास्कल हसला. मोठ्यानं हसला. मग आपण कशाला हसलो, ते त्याला दिसलं.

त्यानं फिलोमिनाकडे बघितलं. तिच्या सुया थांबल्या होत्या. ती पडद्याकडे बघतच नव्हती, त्याच्याकडे बघत होती. रागानं नाही. बालवाडीतल्या पोराला अक्षर सापडायची वाट बघावी, तशी.

पिक्चर त्यांनी शेवटपर्यंत बघितला. शेवटी सगळे वाईट लोक मेले. पास्कल म्हणाला, "शेवट चांगला आहे."

"शेवटापर्यंत मुली डोळे झाकूनच बसतील."

त्यानं कॅसेट काढली.

आता पट्टी लिहायची होती.

पट्टी : तांत्रिक बिघाडामुळे आजचा पिक्चर...

"कुठाय बिघाड?" फिलोमिना म्हणाली. त्यानं खोडलं.

पट्टी : आमच्या धार्मिक कारणामुळे आजचा...

"गाव म्हणेल, उपास तुमचा आणि उपाशी आम्ही," तो स्वतःच म्हणाला. खोडलं.

पट्टी : आजचा पिक्चर आम्ही घरी बघितला. पोरींशेजारी बसून बघण्यासारखा नाही. म्हणून लावला नाही. पास्कल दुशिंग.

ही त्यानं खोडली नाही.

*

रविवारी जेवणं आटोपताच हंबीरराव आले. मागे विजयमाला, पदराला ओले हात पुसत.

"पास्कल, पिक्चर कुठाय?"

"नाही लावला सुभेदार. खाली लिहिलंय."

"ते वाचलं मी. तू कोन ठरवनार? सेन्सॉर बोर्ड काय तुझ्या गच्चीवर हाय?"

"पाठवणारा मीच आहे ना. मग आधी मला बघायला नको?"

"चार वरसं कुठं बघत हुतास?"

"नव्हतो बघत. तेच चुकलं."

हंबीररावांना असलं उत्तर अपेक्षित नव्हतं. तरी ते पुन्हा सरसावले. "मसूर गावचा केबलवाला कवापासनं मागं लागलाय. रोज पिक्चर देतो म्हनतो. त्याची वायर घिऊ?"

 सुभेदार गेले, तर त्यांच्या मागे सगळी आळी जाणार होती.

"घ्या," तो म्हणाला. आवाज जरा बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हणाला, "घ्यायची तर घ्या. पण एक सांगा. त्या रविवारी पिक्चरमधला माणूस बाईला ओढत होता, तेव्हा तुम्ही मला आवाज वाढवायला सांगितलात. काय चाललं होतं पडद्यावर, आठवतंय?"

"मला काय म्हाईत? मी पेपर वाचत हुतो."

"मग आवाज कशाला हवा होता?"

"आरं, घरात आवाज आसावा माणसाचा! पोरगं सरहद्दीवर. सून चुलीम्होरं. रविवारी घर कसं खायला उठतंय."

"आणि तुम्ही, विजयमालाताई?"

"मी कशाला बघतीया? माज्या भाकऱ्या चालल्या हुत्या."

मग बघत कोण होतं, असं कुणी विचारलं नाही. त्यांच्या मागोमाग आलेली प्रियदर्शनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आई आणि आजोबा दोघंही एकदम तिच्याकडे वळले, तशी ती घाबरली आणि तिनं सवयीनं दोन्ही हात डोळ्यांवर नेले.

 विजयमालानं पोरीला जवळ ओढून तिचे हात खाली घेतले.

"चला आबा," ती म्हणाली. "चा करते."

"मसूरवाल्याचं बगू," हंबीरराव जाता जाता म्हणाले. ते कुणाला उद्देशून होतं, कळलं नाही.

*

पट्टी : शनिवारी संध्याकाळी आमच्या घरी पुढच्या पिक्चरची तपासणी असते. कुणाला यायचं असेल तर यावे. चहा मिळेल.

त्या महिन्यात खालच्या आळीतल्या बऱ्याच वायरी मसूरवाल्याकडे गेल्या. पास्कलनं त्या स्वतः सोडवून गुंडाळून आणल्या. हंबीररावांची वायर राहिली. शनिवारी ते येत, डावा कान टीव्हीकडे करून बसत आणि पिक्चरभर बोलत. "हे काय बघायचं? ह्या हिरोला आमच्या पलटनीत धाडा!" त्यांच्या बोलण्यामुळे पिक्चर धड कळायचा नाही. फिलोमिना म्हणायची, या वर्षीचा खरा उपवास हाच.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी तिघं कराडला गेली. तिथे मिस्सा, म्हणजे रविवारची प्रार्थना, भाड्याच्या हॉलमध्ये व्हायचा. साताऱ्याहून फादर यायचे. पापनिवेदनासाठी कोपऱ्यात दोन खुर्च्या आणि मधे दोरीवर टाकलेली चादर. चादरीआडून फादरना कोण बोलतंय ते कळत नाही, असं सगळ्यांनी धरून चालायचं.

श्रद्धा गेली आणि लवकर परत आली. चेहरा हलका. बाकावर आईच्या शेजारी बसून तिनं बाबांना कोपरानं ढोसलं.

"जा ना. घाबरायचं नाही. आधी डोळे मिटायचे."

पास्कल कितीतरी वर्षांनी चादरीपाशी गुडघ्यांवर बसला. डोळे मिटले. मिटल्यावर खांब दिसला, खांबावरचा डबा, त्यातून निघालेल्या वायरी, प्रत्येक वायरीच्या टोकाला एक घर आणि घरात सतरंजी.

तो पुटपुटत सांगायला लागला.

चादरीपलीकडे खुर्ची कुरकुरली. फादर म्हणाले, "पास्कल, ऐकू येत नाही रे. आवाज जरा वाढव."

बाकावर कुणीतरी हसलं. बहुतेक श्रद्धाच.

पास्कलनं घसा साफ केला. आणि मग इतक्या स्पष्ट आवाजात सांगितलं, की बाकावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.