झाकणावरची अर्धी जागा

मी एक जुनी बॅग आहे, मित्रांनो, आणि एवढं एक वाक्य सोडलं तर माझ्या बोलण्यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. ज्या बैलाच्या कातड्याची मी झाले, तो म्हणे खारकीव्हच्या महापौरपदाच्या निवडणुकीत थोडक्यात पडला होता. माझ्या पितळी कड्या एका बुडालेल्या जहाजाच्या घंटेतून ओतलेल्या आहेत. कारखान्यात जिने मला शिवलं ती बाई मात्र असलं काही बोलत नव्हती. झाकण भक्कम झालंय, यावर दोन माणसं आरामात बसतील, एवढंच ती म्हणाली. तिचं खरं ठरलं, आणि माझी सगळी हकिकत त्या झाकणाचीच आहे.

आत्ता मी जर्मनीत, बॉनच्या स्टेशनवर उभी आहे. गाडीला उशीर आहे. जर्मनीत गाड्या वेळेवर येतात असं सांगणारा माझ्याहूनही मोठा थापाड्या समजावा. तेव्हा सांगायला वेळ आहे.

मला विकत घेतलं ते मिरोन ओस्तापोविच या विद्यार्थ्याने. त्याला अर्थशास्त्र शिकायचं होतं आणि त्याच्याजवळ पुस्तकं ठेवायला काही नव्हतं. पुढे तो डॉक्टर झाला, प्राध्यापक झाला, आणि मीही त्याला अहोजाहो करू लागले. वर्गात प्रोफेसर मला टेबलावर ठेवत आणि आतून एक पाव काढत. या पावाला इथे येईपर्यंत कुणाकुणाचे हात लागले, असा त्यांचा पहिला प्रश्न असे. पेरणाऱ्यापासून दुकानातल्या बाईपर्यंत माणसं मोजता मोजता तास संपायचा. एकदा एका पोराने मधल्या सुट्टीत तो पावच खाऊन टाकला. प्रोफेसरांनी त्याला रागावायचं सोडून, शेवटचा हात याचा, असं फळ्यावर लिहिलं.

नंतर दिवस वाईट आले. नोटांवरची शून्यं रोज वाढत होती आणि दुकानातले पाव कमी होत होते. त्या दिवसांत प्रोफेसर वर्तमानपत्रात लिहू लागले. सदराचं नाव होतं ‘बाजाराची पिशवी’. मीठ का महागलं, पगार का थकला, यात कुणाचा दोष आहे, हे ते भाजीवालीला कळेल असं लिहीत. बाजारातल्या बायका ते वाचत आणि मग त्याच कागदात मासळी बांधत. मित्र चिडवायचे, तर प्रोफेसर म्हणायचे की आधी वाचलं, मग उपयोगाला आणलं, लेखकाला आणखी काय हवं? एकदा राजधानीतून बोलावणं आलं, ते मंत्र्यांचे सल्लागार झाले. थोड्याच दिवसांत त्यांनी स्वतःच्याच खात्याला सदरातून झोडपलं आणि आम्ही दोघं पुन्हा घरी. त्या प्रवासात मी तिकीट तपासनिसाच्या पायावर पडले. तो इतका सुंदर नाचला की डब्यातल्या एका बाईने तिथेच त्याच्याशी लग्न ठरवलं. बरं, नाही ठरवलं. पण नाचला होता.

आता मुद्द्याचं सांगते. त्यांच्याकडे एक रीत आहे. कुणी लांब निघालं की दाराशी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं. जाणाऱ्याने बसायचं, राहणाऱ्यानेही बसायचं. मग उठायचं आणि निघायचं. न बसता निघालं तर प्रवास सुरूच होत नाही, असं म्हणतात. प्रोफेसर आणि त्यांची बायको लेस्या माझ्या झाकणावर बसत. ते उजवीकडे, ती डावीकडे. लेस्याच्या अंगावर राखाडी लोकरीची शाल असे, तिला सफरचंदांचा आणि कसल्याशा औषधी मलमाचा वास यायचा. लेस्या गेली तेव्हा सगळ्यांचे सांत्वनाचे शब्द बोलून झाले आणि घर रिकामं झालं. प्रोफेसर माझ्यावर येऊन बसले. उजवीकडेच. पुढे कितीही प्रवास केले, एकटेच असले, तरी ते त्यांच्या अर्ध्यावरच बसत.

यानंतर थापा थोड्या कमी मारते.

युद्ध सुरू झालं. विद्यापीठाच्या खिडक्यांच्या काचा एका सकाळी रस्त्यावर पडलेल्या होत्या. भाच्याने गाडी दाराशी आणली, भोंगे वाजत होते, आणि प्रोफेसरांनी माझ्यात चार वस्तू कोंबल्या: वर्गात घालायचा कोट, पांढरा सदरा, खडूंची पेटी आणि लेस्याची शाल. त्यांनी मला दाराशी आडवं ठेवलंसुद्धा. पण भाच्याने त्यांचा दंड धरला आणि ओढत नेलं. आम्ही न बसता निघालो.

बॉनच्या विद्यापीठाने त्यांना पाहुणे प्राध्यापक म्हणून जागा दिली. छोटं घर मिळालं. तिथे त्यांनी सगळं नवं-जुनं गोळा केलं, पण मला उघडलं नाही. दाराजवळ आडवी ठेवली आणि बूट घालायला, काढायला माझ्यावर बसू लागले. कुणी विचारलं तर म्हणत, “मी अजून निघालोच नाही. मग पोचेन कसा आणि सामान काढू कसं?” लोक हसत. मी आत चार वस्तू घट्ट धरून होते, मला हसू येत नसे.

शेजारी सरिता आणि गुरुदत्त राहत. पुण्याचे. गुरुदत्त टेलिफोनच्या मोठ्या कंपनीत, आणि त्यांची मुलगी अन्वी दुसरीत. भिंत पातळ होती, म्हणून मी मराठी शिकले. सरिता मुलीशी मराठीत बोले, मुलगी उत्तर जर्मनमध्ये देई. अन्वी प्रोफेसरांकडे गणितं घेऊन येऊ लागली. पहिल्याच दिवशी ती माझ्यावर डावीकडे टेकली. प्रोफेसरांनी तिला हळूच उठवलं आणि इथे लेस्या बसते, असं सांगितलं. अन्वीने एकदा रिकाम्या जागेकडे नीट पाहिलं, “आख् झो”, म्हणजे ‘अस्सं होय’, म्हणाली आणि त्या दिवसापासून खाली जमिनीवर बसू लागली. मोठ्या माणसांना एवढं सहज कळत नाही.

प्रोफेसर संगणकावरून खारकीव्हच्या मुलांना शिकवत. मुलं तळघरांत बसलेली असत. एकदा घरात पाव नव्हता, तर सरिताची पोळी कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी विचारलं, हिला कुणाकुणाचे हात लागले? अन्वी शेजारून “मामा, मामा” ओरडली, जर्मनमध्ये मामा म्हणजे आई, आणि तळघर हसलं. कधी तिकडे भोंगा वाजे, वीज जाई, एकेक चेहरा विझे. प्रोफेसर पोळी हातात घेऊन काळ्या पडद्यासमोर बसून राहत, चेहरे परत येईपर्यंत. सदरही चालूच होतं. आणि मग तिकडून निरोप आला की जमिनीखालच्या एका वर्गात पुन्हा समोरासमोर शिकवणं सुरू होणार आहे, पहिला तास तुम्ही घ्यावा. प्रोफेसरांनी होकार कळवला. त्या संध्याकाळी ते माझ्या कड्यांना तेल लावत होते.

त्याच आठवड्यात त्यांचं हृदय बिघडलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं.

किल्ली सरिताकडे होती. सरिता चांगली बाई आहे, मित्रांनो, हे आधी ऐकून ठेवा. तिच्या माहेरी दवाखान्यातून माणूस घरी यायचं म्हणजे घर लख्ख करायचं, अंथरूण-पांघरूण, कपडे, सगळं धुऊन काढायचं. आजारपण घरात उरू द्यायचं नाही. तिने खिडक्या पुसल्या, भांडी घासली. मग ती माझ्याकडे वळली. बिचाऱ्यांचं सामान इतके दिवस कोंडलेलं, असं म्हणत तिने माझ्या कड्या उघडल्या. मी एक कडी अडकवून धरली होती. खरंच धरली होती. तिने चमच्याने उघडली.

कोट इस्त्री होऊन कपाटात टांगला. सदरा घडी करून ठेवला. खडू टेबलावर गेले. शाल मशीनमध्ये गेली.

प्रोफेसर गुरुदत्तच्या आधाराने घरी आले, तेव्हा सरिता दारात औक्षणाचं तबक घेऊन उभी होती. त्यांना ते फार आवडलं. मग बूट काढायला ते माझ्यावर बसले, नेहमीसारखे उजवीकडे, आणि माझं झाकण त्यांच्याखाली खचलं. इतकी वर्षं आतल्या सामानाने मला तोलून धरलं होतं. रिकामी बॅग माणूस पेलत नाही. ते न उघडताच समजले.

सरिताने हसत हसत शाल आणून त्यांच्या खांद्यावर टाकली. मऊ झाली होती, दुकानातल्या लॅव्हेंडरचा वास येत होता. प्रोफेसरांनी ती नाकाशी नेली. खूप वेळ तशीच धरली.

“धुतलीत?” त्यांनी विचारलं.

“हो, प्रोफेसर काका. अगदी थंड पाण्यात, मशीन हळू फिरवून.”

“फार स्वच्छ झाली आहे,” ते म्हणाले. “आभारी आहे.”

भिंत पातळ होती, सांगितलंच. त्या रात्री पलीकडून गुरुदत्तचा आवाज आला, “अगं, विचारायचं तरी.” आणि सरिताचा, “अहो, मला वाटलं त्यांना बरं वाटेल.” आणि मग तिचं रडणं.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि तिने मला पुन्हा भरलं. कोट, सदरा, खडू, शाल. काय कुठे होतं ते प्रोफेसर सांगत होते आणि ती तसंच ठेवत होती. शाल हातात घेऊन ती थांबली तेव्हा त्यांनी अन्वीची गणितं कशी चुकतात यावर काहीतरी गमतीचं सांगितलं. तिला त्यांनी कधी शब्दाने दुखावलं नाही. शेवटच्या सदरात तेवढं लिहिलं: आयुष्यभर मी मुलांना विचारत आलो की या वस्तूला कुणाकुणाचे हात लागले, माझ्या बायकोच्या शालीला शेवटचे हात एका भल्या शेजारणीचे लागले, आणि मी आता पोचलो आहे असं मला वाटतं.

पानगळ सुरू झाली तेव्हा ते झोपेत गेले. त्यांना इथेच, बॉनमध्ये पुरलं. परत जाते आहे ती मी.

त्यांची विद्यार्थिनी सोलोमिया मला न्यायला आली आहे. तो पाव खाणारा पोरगा तिचा बाप. खडू जमिनीखालच्या वर्गात जातील आणि शाल लेस्याच्या थडग्यावर. आज सकाळी ती घाईने मला उचलायला लागली, तर सरिताने तिला थांबवलं. मला दाराशी आडवं ठेवलं. सोलोमिया, गुरुदत्त आणि अन्वी जमिनीवर बसले. सरिता माझ्यावर बसली, मधोमध.

तेव्हा अन्वी बोलली, जर्मनमध्ये नव्हे, मराठीत.

“आई, सरक. तिथे लेस्याआजी बसते.”

सरिता सरकली. उजवीकडे. रीतीप्रमाणे सगळे क्षणभर बसले. मग ती उठली, माझ्या मुठीवरून तिने हात फिरवला आणि मला निरोप दिला.

गाडी आली वाटतं. मित्रांनो, आम्हा बॅगांची एक विनंती आहे. कुणाच्या दाराशी भरलेली बॅग दिसली तर तिला सामान समजू नका. उघडायची वेळ आली तर आधी विचारा, आणि आतल्या वस्तू धुण्याआधी दोनदा विचारा. मी आयुष्यभर थापा मारत आले, पण ही शेवटची गोष्ट अगदी खरी आहे: आज सकाळी सरिता अर्ध्या जागेवर बसली होती, तरी वजन दोन माणसांचं होतं. आणि झाकण खचलं नाही.