अर्थ सोडून बाकी सगळं

बातम्याकाकांनी आयुष्यभर रेडिओवर इंग्रजी बातम्या वाचल्या आणि निवृत्त झाल्यावर तेच घरात सुरू केलं. औषधाच्या बाटलीवरची सूचना असो की विजेचं बिल, काका ते असं वाचत की ऐकणाऱ्याला वाटावं, कुठेतरी सरकार पडलं. काकू म्हणायच्या, "अहो, मी एकटी ऐकतेय, अख्खा देश नाही."

उच्चार हा त्यांचा मोठा अभिमान. दूरच्या एखाद्या देशात सत्ता पालटली की बाकीच्या निवेदकांना घाम फुटे. काका शांतपणे त्या देशाच्या वकिलातीत फोन लावत आणि नव्या माणसाचं नाव तिथल्या कारकुनाकडून घोटून घेत. तो माणूस साधू आहे की खुनी, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. नाव जिभेवर नीट बसलं की काकांचं काम झालं.

लेकीच्या घरी ते दोघं आले ते तिची नड होती म्हणून. जावई डच. त्याची आई, म्हणजे काकांच्या विहीणबाई, काही वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचं आपलं घर विकून मुलाकडे राहायला आल्या होत्या. मग त्यांना झटका आला. उजवा हात गेला आणि त्याच्या जोडीनं इंग्रजीही गेलं. डोकं शाबूत, आठवण लख्ख, पण शाळेत शिकलेली भाषा पुसली गेली आणि आईच्या मांडीवर शिकलेली तेवढी उरली. घरात ती नीट येणारा एकटा जावई. लेकीला ऐकलेलं बरंचसं समजे, पण बोलायची मजल औषध, पाणी, दुखतंय का, एवढीच. दुपारी जावई आईला एक जुनी जाडजूड कादंबरी वाचून दाखवायचा आणि ऐकता ऐकता त्या जेवायच्या. वाचन नाही तर घास नाही, असं होऊन बसलं होतं. त्याचं वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवून पाहिलं, तर विहीणबाईंनी डाव्या हातानं मोबाइल उचलून उशीखाली दडपला. त्यांना समोर माणूस हवा होता. आणि आता पुलाच्या कामासाठी जावयाला दोन महिने बाहेर जावं लागणार होतं.

"मी वाचतो," काका म्हणाले.

"तुम्हाला डच येतं?" काकूंनी विचारलं.

"यायला कशाला हवं? अक्षरं तर इंग्रजीचीच आहेत."

इथेच गोम होती. अक्षरं तीच, पण त्यांचं वागणं निराळं. काकांचे डोळे इंग्रजीत मुरलेले. 'boot' दिसलं की ते बिनदिक्कत 'बूट' म्हणत आणि जावई शांतपणे सांगे, "बोट. पाण्यातली." 'boek'वर त्यांची जीभ घसरे, तर ते निघे साधं 'बूक'. सगळ्यात वाईट म्हणजे 'die' हा शब्द. पानापानावर तोच. पहिल्या दिवशी काका 'डाय, डाय' करत अर्धं पान गेले आणि काकूंनी कपाळाला हात लावला. "आजारी बाईच्या उशाशी बसून मर मर काय म्हणताय?" त्याचा उच्चार 'दी' असतो आणि अर्थ 'तो' किंवा 'ते', असं जावयानं सांगितलं. अर्थ काकांनी सोडून दिला, उच्चार घेतला.

पण माणूस हट्टी. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की ही भाषा इंग्रजीइतकी लबाड नाही. एकदा नियम कळला की शब्द दगा देत नाही. एकट्या स्वराच्या मागं व्यंजनाचं दार लागलं की तो आखूड होतो, दार उघडं राहिलं की लांबतो. दार लागलेलं असूनही लांबवायचा असेल तर त्याला जोडीदार देतात. शब्दाच्या शेवटी 'द' आला की त्याचा 'त' होतो. 'g' मात्र घशाच्या तळातून खरवडून काढायचा. काका आंघोळीला गेले की आतून ख्खर्र, ख्खर्र असा आवाज येई आणि शेजारच्या बाईंनी एकदा काकूंना विचारलंदेखील, यजमानांची तब्येत कशी आहे म्हणून. 'ui' साठी तर तोंडाचा चंबू करून 'आउ' म्हणायला निघायचं आणि अर्ध्या वाटेत 'आइ'कडे वळायचं. ते जमलं त्या दिवशी काकांनी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खाल्ली.

जावई गेला. काकांनी खुर्ची पलंगाजवळ ओढली, चष्मा पुसला, घसा साफ केला आणि वाचायला लागले. विहीणबाईंनी आधी भुवई उंचावली. मग जाड मुठीचा चमचा डाव्या हातात घेतला आणि सूपमध्ये बुडवला. दाराआडून पाहणाऱ्या लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गोष्टीत काय चाललंय ते काकांना ठाऊक नव्हतं. त्या हसल्या की ते पुढचं वाक्य हलकं करत. त्या गप्प झाल्या की आवाज खाली घेत. बातम्या वाचणाऱ्याला समोरचा चेहरा कधी दिसत नाही, इथे दिसत होता, आणि म्हातारपणी हाती लागलेलं हे सुख काका अगदी चाटूनपुसून घेत होते. वाचन संपलं की विहीणबाई बोलायच्या. बराच वेळ, खिडकीकडे पाहत, कधी मधेच थांबून. काका मान हलवत आणि म्हणत, "या." म्हणजे हो. ही त्यांची स्टुडिओतली सवय. बातम्या चालू असताना निर्माता कानात काहीबाही सांगत असे. समजो न समजो, मान हलवायची, चेहरा हलू द्यायचा नाही, वाचत राहायचं.

एका दुपारी विहीणबाईंनी काकांचं मनगट धरलं. सावकाश काहीतरी विचारलं.

"या," काका भारदस्तपणे म्हणाले.

त्यांनी पुन्हा विचारलं.

"या, या."

विहीणबाई रडल्या, मग हसल्या, आणि वाटीतलं सूप तळापर्यंत संपवलं. काकांनी ती रिकामी वाटी पदक मिरवावं तशी स्वयंपाकघरात नेऊन दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहीणबाई बाहेरच्या दाराशी खुर्चीवर बसलेल्या दिसल्या. अंगात कोट, एका हातानं लावलेली बटणं वरखाली झालेली, मांडीवर पर्स. लेक प्रयोगशाळेत जायला निघाली होती. तिनं तोडक्यामोडक्या डचमध्ये चौकशी केली आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, तुम्ही ह्यांना काय कबूल केलंय?"

"मी? काही नाही. फक्त हो म्हटलं."

"कशाला हो, ते माहीत होतं का? त्यांना त्यांचं घर बघायचंय. विकलं तरी, निदान बाहेरून. मुलगा नुसता बघू बघू म्हणतो. तुम्ही म्हणे आज नेणार आहात."

काकांनी विहीणबाईंच्या कोटाकडे पाहिलं. डॉक्टरांनी जिना चढायची बंदी केलेली बाई, आणि घर समुद्रापलीकडे.

"विमान रद्द झालंय म्हणून सांगते," लेक म्हणाली. "चार दिवस गेले की विसरतील."

"त्यांचं इंग्रजी गेलंय, अक्कल नाही गेली," काकू म्हणाल्या. "त्यांना शेंड्या लावू नका. अहो, तुम्ही बोललात, तुम्हीच निस्तरा."

काकांनी जावयाला फोन केला आणि एक वाक्य मागून घेतलं. मला डच समजत नाही. न्हाणीघराचं दार लावून ते घोटलं. मग विहीणबाईंच्या समोर, चपला ठेवायच्या बाकड्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "इक बखरेइप खेन नेदरलान्त्स."

वाक्य फार सुरेख आलं. घसा, जीभ, ओठ, सगळं जागच्या जागी. विहीणबाईंनी नाक फेंदारून काहीतरी फटकारलं.

"काय म्हणाल्या?" काकांनी लेकीला विचारलं.

"म्हणतात, असं बोलणाऱ्याला भाषा येत नाही होय? शब्द फिरवायचा असेल तर सरळ सांगा, मला मूर्ख बनवू नका."

काकांना घाम फुटला. ज्याचा जन्मभर तोरा मिरवला, तेच गळ्याशी आलं होतं. थोडं वाईट बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

विहीणबाई त्यांच्याकडे रोखून पाहत होत्या. मग अगदी गोड आवाजात त्यांनी एक प्रश्न विचारला. आणि काका, घाबरलेले, गोंधळलेले, सवयीनं मान हलवून म्हणाले, "या."

लेकीनं तोंडावर हात ठेवला.

"आता काय?"

"तुम्ही गाढव आहात का, असं विचारलं त्यांनी."

हसलं कुणीच नाही. विहीणबाई एका हातानं कोटाची बटणं काढायला लागल्या. वरचं निघेना. काकू पुढे झाल्या आणि त्यांनी ते काढलं. मग विहीणबाई सुनेला हळूच काहीतरी म्हणाल्या. लेकीनं ते सांगायला नको होतं, पण सांगितलं.

"विचारतात, मग मी रोज कुणाशी बोलत होते?"

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काकूंनी पुढ्यात बसून, गोंजारून, अर्धी वाटी त्यांच्या पोटात घातली. काका बाहेर व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. ज्या बाईनं विश्वासानं मन मोकळं केलं, तिच्यासमोर आपण पुतळ्यासारखे डोलत बसलो, याची त्यांना जन्मात वाटली नव्हती एवढी लाज वाटत होती.

मग ते आत गेले. कादंबरी उघडली, पण वाचली नाही. पहिल्या शब्दावर बोट ठेवलं आणि भुवया वर केल्या. म्हणजे काय? विहीणबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोट, पुन्हा तीच भिंत. पण समोर कुणी शिकायला बसलंय आणि आपल्याला येतंय, अशा वेळी फार दिवस गप्प बसणं कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. अखेर त्यांनी वैतागून खिडकीकडे हात केला. "राम."

"राम," काका म्हणाले.

"चला, ह्या वयात रामाचं नाव तरी घेतलंत," काकू दारातून म्हणाल्या.

त्यानंतर दुपारी अर्धंमुर्धं पानच होऊ लागलं. शब्द आला की थांबा, दाखवा, खुणा करा, गालावर हात ठेवून झोपा, खोटं खोटं रडा. गंमत अशी, की अर्थ शिरायला लागला तशी काकांची जीभ अडखळायला लागली. आयता शब्द वाचणं वेगळं आणि आपला आपण शोधून आणणं वेगळं. तो सुंदर 'g' ऐनवेळी रुसायचा. विहीणबाई चमच्यानं वाटीवर टकटक करून चूक दाखवायच्या, आणि तेवढ्यात एखादा घास पोटात जायचा.

जावई परतायला थोडे दिवस उरले होते. सूप समोर होतं. विहीणबाई खिडकीकडे पाहत होत्या, कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच म्हणाव्या तशा म्हणाल्या, "इक विल नार हाउस."

काकांना समजलं. कुणी न सांगता, चेहऱ्याकडे न पाहता, सगळंच्या सगळं समजलं. मला घरी जायचंय. त्यांना क्षणभर असा काही आनंद झाला, की ते काकूंना हाक मारणार होते. मग त्यांना कळलं की आपल्याला काय कळलंय.

"या" अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"नेय," ते म्हणाले. पुढचं शब्द शब्द जोडून, धडपडत सांगितलं: घर, आता, नाही. मी, समजलो. उच्चार ऐकून स्टुडिओत कुणी त्यांना उभं केलं नसतं.

विहीणबाईंनी मान काकांकडे वळवली.

"या," त्या म्हणाल्या. आणि रडायला लागल्या, पण या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. काका शेजारी बसून राहिले. मग त्यांनी गार झालेली वाटी उचलली आणि सूप पुन्हा गरम करायला घेऊन गेले.