अंगठ्याचं बटण

बोट गेलं तेव्हा मी रडले नव्हते. पहिल्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा मात्र संतापाने डोळे भरून आले.

मी पाणीपुरवठा कार्यालयात नकाशे काढते. रस्त्याखालून कुठला पाइप कुठे जातो, कुठे वळतो, व्हॉल्व्ह कुठे बसवलाय, हे सगळं मोजणीच्या वहीतून नकाशावर उतरवायचं. एकवीस वर्षं हेच करते आहे, आधी शाईने आणि मग संगणकावर. मागच्या हिवाळ्यात एका व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं माप तपासायला गेले असताना लोखंडी झाकण सटकलं आणि उजव्या हाताची तर्जनी मधल्या पेरापासून गेली. कामावर असताना गेली. हे मी मुद्दाम सांगते, कारण कार्यालयात बाकी सगळे ते सांगायचं टाळतात.

दोन महिन्यांनी कामावर परतले आणि माउसवर हात ठेवला, तर उरलेलं अर्धं बोट जुन्या सवयीने डाव्या बटणावर जाऊन बसलं. त्या बोटाला आता दाब धड कळत नाही. मला नको असताना क्लिक व्हायचं आणि चौकात वळायचा पाइप सरळ शाळेच्या मैदानात घुसायचा. मधल्या बोटाने काम चालवून पाहिलं, तरी हे अर्धं बोट मध्ये तडमडायचंच, आणि टोक दुखायचं ते वेगळंच. ज्याला त्याला वाटायचं की आपल्याला उपाय सुचलाय, आणि तो एकच असायचा: माउस डाव्या हातात धरा. पण आमच्या कामात डावा हात कीबोर्डवर असतो. रेघ ओढ, तोड, जोड, या सगळ्या आज्ञा तो देतो. तो तिथून उठवला तर कीबोर्डवर काय नाक ठेवू?

मला एवढंच हवं होतं की डावं बटण मुकं व्हावं आणि त्याचं काम अंगठ्याखालच्या बटणाने करावं. असं कडेला जास्तीचं बटण असलेला माउस मी स्वतः विकत आणला. आमच्या संगणकांवर दोन वर्षांपासून लिनक्स ही प्रणाली आहे. त्यातल्या माउसच्या सेटिंगमध्ये एकच प्रश्न होता, मुख्य बटण डावं की उजवं. म्हणजे माणसाला डावखुरं असायची मुभा होती, साडेनऊ बोटांचं असायची नव्हती.

मग मी आमच्या संगणक विभागाच्या माणसाकडे गेले. त्याला सगळे 'पासवर्ड' म्हणतात, कारण कार्यालयातला प्रत्येक पासवर्ड त्याच्यापाशी असतो आणि तो सांगताना त्याच्या जिवावर येतं. माणूस वाईट नाही, पण घाबरट. त्याने माझं बोलणं अर्ध्यावरच तोडलं आणि सांगितलं, की बटणं बदलणं म्हणजे यंत्रणेत बदल आणि यंत्रणेत बदल म्हणजे वरची परवानगी. अर्ज करा.

केला. उत्तर आलं की वैयक्तिक सोयीसाठी यंत्रणेत बदल करता येत नाही. वैयक्तिक सोय! माझं बोट मी घरी भाजी चिरताना नव्हतं घालवलं. दुसऱ्या अर्जाला डॉक्टरांचा कागद जोडला, तर त्याची मूळ प्रत मागितली. तिसऱ्याला मूळ प्रत जोडली, तर उत्तरच आलं नाही. या सगळ्यात तीन महिने गेले. मापं पडताळण्यासकट दिवसाला नकाशाची एक शीट व्हायची, त्याऐवजी मी एक तृतीयांश शीट काढत होते आणि साहेब येता-जाता माझ्या टेबलापाशी थांबून उसासा सोडत होते.

शेवटी त्यांनी मला बोलावून फार गोड आवाजात सांगितलं, की आवक-जावकचं टेबल रिकामं आहे, तिथे नुसते शिक्के मारायचे आणि नोंद करायची, हाताला ताण नाही. मी म्हटलं, मला नकाशेच काढायचेत. ते म्हणाले, ठीक आहे, पंधरा तारखेला माझ्यासमोर बसून एक पूर्ण शीट चार तासांत काढून दाखवा. नाही जमलं तर सोळा तारखेपासून आवक-जावक. तेव्हा आठ तारीख होती.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. तो शिलाई मशिनी दुरुस्त करतो आणि जगातली प्रत्येक अडचण स्क्रूड्रायव्हरने सुटते असं त्याचं ठाम मत आहे. त्याने माउस उलटा करून पाहिला आणि म्हणाला, की उघडतो, डाव्या बटणाची तार काढतो आणि अंगठ्याच्या बटणाला डाग देऊन जोडतो, अर्ध्या तासाचं काम. मी माउस त्याच्या हातातून काढून घेतला. हा बिघडला की दुसरा उघडायचा, आणि जन्मभर ऐकायचं की नवऱ्याने जुगाड करून दिला म्हणून हिची नोकरी राहिली.

"मग तुझं तू कर," तो म्हणाला. चिडला नव्हता, पण हसतही नव्हता. "पण त्यांना विचारत कशाला बसतेस? मी मशीन उघडताना कुणाला विचारतो?"

रात्रभर ते डोक्यात राहिलं असं म्हणणार नाही, मी छान झोपले. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डबा एका बाजूला सारला आणि शोधायला बसले. कुणा कुणा अनोळखी लोकांनी कुठे कुठे लिहून ठेवलेलं वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. जे उरलं त्यावरून कळलं की संगणकाला आज्ञा द्यायच्या काळ्या खिडकीत एकच ओळ टाइप करायची असते: माउसचा क्रमांक आणि पुढे बटणांचे आकडे, ज्या क्रमाने त्यांनी वागायला हवं त्या क्रमाने. बटण मुकं करायचं असेल तर त्याच्या जागी शून्य.

ओळ टाइप केली आणि एंटर दाबायच्या आधी थांबले. आता संगणक पासवर्ड मागेल, मग तो माझ्याकडे नाही, मग संपलं, असं मनाशी धरूनच दाबलं.

काही मागितलं नाही. ओळ चालली आणि खिडकी गप्प बसली. पुन्हा वाचून पाहिलं. आपल्यापुरती बटणं बदलायला कुणाचाही पासवर्ड लागत नव्हता. जी परवानगी लागतच नव्हती, तिच्यासाठी मी तीन महिने पायऱ्या झिजवल्या होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसंच उठून पासवर्डच्या टेबलापाशी जाणार होते, पण उठता येईना, कारण आता माझा माउसच चालेना.

झालं असं होतं, की साधी तीन बटणं म्हणजे अंगठ्याचं चौथं, असा सरळ हिशेब मी केला होता. पण लिनक्सच्या लेखी चार आणि पाच म्हणजे मधलं चाक, एक वर फिरवायला आणि एक खाली. मी डावं बटण मुकं केलं होतं आणि क्लिकचं काम चाकाला देऊन बसले होते. चाक जरा वर सरकवलं की टकटक क्लिक व्हायचं. एका जागी चाळीस व्हॉल्व्ह उगवले. शेवटी वैतागून माउसची वायर उपटली, पुन्हा लावली, आणि तो मुकाट्याने पूर्ववत झाला. मग बटण दाबलं की त्याचा आकडा दाखवणारी एक आज्ञा सापडली. अंगठ्याचं बटण आठवं निघालं.

शून्य दोन तीन चार पाच सहा सात एक नऊ. मी ती ओळ टाइप केली, अर्धं बोट डाव्या बटणावर निवांत पडू दिलं आणि अंगठा दाबला. पाइप जिथे वळायला हवा होता तिथे वळला. मला एकटीलाच हसू फुटलं. शेजारच्या टेबलावरून विचारणा झाली, तर सांगितलं की जुना विनोद आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गायब. ओळ पुन्हा टाइप केली तर म्हणे असा माउसच नाही. काल त्याचा क्रमांक अकरा होता, आज बारा. रोज संगणक सुरू झाला की नवे क्रमांक वाटतो, कार्यालयात खुर्च्या वाटतात तसे. मग क्रमांकाऐवजी माउसचं पूर्ण नाव लिहिलं. त्याला संगणक बधला. अकरा तारखेला मी ती ओळ सुरुवातीला आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत टाकली आणि चौदापर्यंत तीन शीटा काढल्या. कुणाला काही बोलले नाही. बोलले असते तर पुन्हा अर्ज आला असता.

पंधराला सकाळी साहेबांनी सांगितलं की परीक्षा त्यांच्या खोलीत, तिथल्या संगणकावर होईल, म्हणजे सगळ्यांसमोर कसं स्वच्छ. पासवर्ड कोपऱ्यात उभा होता. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता आणि त्यावर माझं पदनाम, खाली आजची तारीख. बदलीचा आदेश आधीच तयार होता. फक्त कारणाचा रकाना मोकळा होता.

मी माझा माउस पर्समधून काढला, जोडला आणि काळी खिडकी उघडली. पासवर्ड पुढे सरकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, की मॅडम, इथे हे करता येणार नाही, परवानगी नाही, संगणक पासवर्ड मागेल आणि तो मी देऊ शकत नाही. मी टाइप करत राहिले. एंटर दाबलं. खिडकी गप्प. मी अंगठ्याने दाबून नकाशा उघडला.

पासवर्डच्या चेहऱ्याचा रंग उडाला. बरोबर जोडलाय का पाहतो म्हणत त्याने चटकन वायर काढली आणि दुसऱ्या ठिकाणी लावली. बटणं अर्थातच पूर्ववत झाली आणि माझ्या अर्ध्या बोटाने लगेच एक व्हॉल्व्ह चुकीच्या गल्लीत ठोकला. साहेबांनी भुवई उंचावली. मी चूक पुसली, तीच ओळ न बघता पुन्हा टाइप केली आणि पासवर्डला शांतपणे सांगितलं, की आता या वायरला हात लावलास तर मी तुझ्याकडून लेखी कारण मागेन. तो मागे सरकला तो शेवटपर्यंत भिंतीलाच टेकून राहिला.

दहा वाजता सुरू केलं. साडेबाराला अंगठा दुखायला लागला, एकला मनगट. पाणी प्यायलाही उठले नाही. एक चाळीसला शीट पूर्ण झाली. साहेबांनी वही उघडून एकेक पाइप मोजला. एक व्हॉल्व्ह कमी आहे म्हणाले, तर मी त्यांना वहीचं पुढचं पान दाखवलं. तिथे तो व्हॉल्व्ह काढून टाकल्याची नोंद होती, सही त्यांचीच. मग त्यांनी वही मिटली.

मी पासवर्डला विचारलं, की तीन महिने ज्यासाठी मला फिरवलंस, तो पासवर्ड नक्की कुठला होता?

"करून पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "मला वाटलं, लागत असेल."

याच्या वाटण्यापायी मी उरलेली नोकरी पाकिटांवर शिक्के मारत काढणार होते. साहेबांनी तो टाइप केलेला कागद उलटा केला आणि गोड आवाजात म्हणाले, की काम चांगलं झालंय, वाद कशाला, तुम्ही नकाशे विभागातच राहा. फक्त एक अर्ज देऊन ठेवा. माउसमध्ये बदल करायची परवानगी मिळावी म्हणून. मी आजच मंजूर करतो, म्हणजे सगळं नियमात बसेल. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला, वर पेनही ठेवलं.

तिथे सही केली असती तर दोन मिनिटांत सुटले असते. पण उद्या कुणी तो अर्ज नामंजूर केला असता.

"नाही देणार, साहेब," मी म्हटलं. "बोट कामावर गेलंय, त्याची तुम्ही माझ्याकडून परवानगी घेतली नव्हती. आणि हा अंगठा माझा आहे. तुम्हाला मला हलवायचं असेल तर तो कागद सुलटा करा आणि कारणाच्या रकान्यात तुमच्या हाताने कारण लिहा. मी इथेच बसते."

साहेबांनी पेन उचललं, झाकण उघडलं. कागद उलटाच होता. थोड्या वेळाने त्यांनी झाकण पुन्हा लावलं.

मी माउसची वायर गुंडाळली आणि विचारलं, पुढची शीट कुठली काढायची ते सांगा.