पाच खणांचा ट्रे

"अनिरुद्धराव, कारण एका ओळीत लिहा. नाव घाला आणि संपवा," तक्रारीचा फॉर्म पुढे सरकवत मालक म्हणाले.

आमच्या कारखान्यात इडलीचं पीठ वाटायचे ग्राइंडर बनतात. मी तिथला क्वालिटीचा तपासनीस. जवळच्या ओरत्तनाडू गावातल्या एका बाईला शॉक बसून तिचा उजवा हात भाजला होता. ग्राइंडर उघडला, तर अर्थिंगची वायर नुसतीच लोंबत होती, तिचा स्क्रू लावलेलाच नव्हता. वर्षातली ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही फॉर्मांवर 'सुधारणा' या रकान्यात "कामगारास समज दिली" असं लिहून मी मोकळा झालो होतो. समज द्यायला काय जातं?

तो स्क्रू लावायची भवानी. राजवाड्यामागच्या आमच्याच गल्लीतली, मीच कामाला लावलेली. दुसऱ्या तक्रारीनंतर ती म्हणाली होती, "मामा, दिवसाला साठ मशिनी. चूक होणारच. घरच्या अंजरैपेट्टीसारखा मसाल्याचा डबा द्या मज. पांच खण, एका मशिनीचे पांच स्क्रू. एक उरला तर मशीन पुढें सोडायचें नाही."

"हा कारखाना आहे, स्वैपाकघर नव्हे," मी म्हणालो होतो. चारचौघांत हसलोही होतो.

आता खरं कारण लिहायचं, तर माझंच नाव लिहावं लागलं असतं. निवृत्तीला चार महिने उरले होते. मी भवानीचं नाव लिहिलं. त्याच संध्याकाळी तिला काढलं.

पुढच्या आठवड्यात मी सुताराकडून पाच खणांचे ट्रे करून घेतले. मग एकही तक्रार आली नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी ट्रेचा फोटो काढला, कल्पना कुणाची म्हणून विचारलं. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान खाली घातली. साहेबांना तो विनय वाटला.

निवृत्तीच्या दिवशी हार पिशवीत कोंबून गल्लीत शिरलो. भवानी आता घरीच पीठ वाटून विकते. दारात बसून पिशव्या बांधत होती.

"मामा, डबा केलात म्हणे."

"केला."

"स्क्रू उरतो का?"

"उरला की मुली मशीन थांबवतात."

"सरि, बरें झालें. कोणाचा हात भाजायला नको."

माफी मागायची सोडून मी हाराची पिशवी पाठीमागे धरली. तिनं एक पिशवी माझ्या हातात ठेवली. "मामीस द्या. आजच वाटलें आहे."

घरी बायकोनं पीठ बोटानं चाखून पाहिलं. "किती हलकें आहे. कोणी दिलें?"

"विकत आणलें," मी म्हणालो.